चंद्राला तारीख होती, कोरडवाहूला का नाही?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या सत्तरी गाठलेल्या मंडळींना २१ जुलै १९६९ ची सकाळ आठवत असेल. अमेरिकेत अजून २० तारखेची रात्र होती. आपल्याकडे साडेआठ वाजायला आले होते, तेव्हा नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला. मागोमाग आल्ड्रिन उतरला. तिसरा गडी कॉलिन्स, तो वर यानातून चंद्राभोवती फिरत राहिला. महाराष्ट्रात तेव्हा टीव्ही आलेला नव्हता. रेडिओवर ऐकले, वर्तमानपत्रात वाचले, एवढेच.

तेव्हापासून सभांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते. माणूस चंद्रावर गेला, मग आमच्या शिवारात पाणी का येत नाही? कापसाला भाव का मिळत नाही? टाळ्या पडतात आणि सभा संपते. आज आपण टाळ्या बाजूला ठेवू आणि या प्रश्नाचे उत्तर शोधू.

आधी हे बघा, की चंद्र साधला कसा. २५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी त्यांच्या संसदेत उभे राहिले. हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप परत आणायचा, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी अमेरिकेच्या गाठीला अवकाशातला अनुभव किती होता? एक माणूस, पंधरा मिनिटे. पण केनेडींच्या सांगण्यात काम ठरलेले होते आणि मुदत ठरलेली होती. मागोमाग पैसाही आला. १९६६ साली तिथले केंद्र सरकार खर्चाच्या दर शंभर डॉलरमागे चारांहून अधिक डॉलर अवकाशावर घालत होते. सुमारे चार लाख माणसे या कामाला लागली होती. १९६७ च्या जानेवारीत जमिनीवरच्या चाचणीत यानाला आग लागून तीन अंतराळवीर गेले. काम थांबले, यान नव्याने बांधले, पण तारीख सोडली नाही. केनेडींचा १९६३ मध्येच खून झाला होता. नंतर जॉन्सन आले, मग दुसऱ्या पक्षाचे निक्सन आले. माणसे बदलली, पक्ष बदलला, शब्द बदलला नाही.

हे सगळे ज्ञानाच्या प्रेमापोटी झाले, असे कोणी समजू नये. १२ एप्रिल १९६१ रोजी रशियाचा गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला होता. आपण मागे पडलो, याची धास्ती अमेरिकेच्या सरकारने घेतली. सरकार कुठलेही असो, धास्ती घेतल्याशिवाय ते पळत नाही.

आता त्याच अमेरिकेतल्या कापूसवाल्यांचे ऐका. चंद्रावर जाणारे ते ११० मीटर उंच रॉकेट आखले गेले अलाबामा राज्यातल्या हंट्सविल गावात. हा सगळा मुलूख कापसाचा. ज्या आवारात ते केंद्र उभे राहिले, ती जमीन लष्कराने १९४१ साली दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी शेतकरी कुटुंबांकडून घेतली होती. त्या भागात काळ्या लोकांच्या पिढ्या गुलामगिरीत आणि नंतर बटईने कापूस पिकवण्यात गेल्या. १८६५ मध्ये गुलामी सुटली, तेव्हा काही जणांना चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे मिळाले. पुढे लवकरच त्यातल्या बहुतेक जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या.

रॉकेट सुटायच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, राल्फ ॲबरनेथी उड्डाणतळावर पोचले. हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी, अलाबामातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. बरोबर गरीब कुटुंबे आणि खेचराच्या गाड्या. आपल्याकडे जसा बैल, तसे तिकडच्या कापसात खेचर. देशातल्या पाचव्या हिश्शाला पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा, औषध नाही, असे त्यांनी सांगितले. अवकाश संस्थेचे प्रमुख टॉमस पेन स्वतः बाहेर आले. उद्याचे बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. काही कुटुंबांना उड्डाण बघायचे पासही दिले.

ॲबरनेथींनी रॉकेट फोडा म्हटले नाही. त्या धाडसाचा त्यांना अभिमानच होता. ज्या देशाला हे जमते, त्याला भूक हटवणे जमत नाही असे म्हणता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी रॉकेट गेले. गाड्यांना मात्र कोणी तारीख दिली नाही.

का दिली नाही? विज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. आम्ही कृषी पदवी घेतलेली माणसे हे खात्रीने सांगतो. त्याच काळात आपल्याकडेही शास्त्रज्ञ कामाला होते. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रातून एच-४ आला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. वाणाने उत्पादन वाढते. भाव मात्र वाणात नसतो.

चंद्रावर दलाल नव्हता, भावांनो. यान उतरले म्हणून कोणाचा धंदा बसला नाही, उलट कंपन्यांना कंत्राटे मिळाली. आपल्या कापसाला भाव मिळाला की कोणाला तरी रुई महाग पडते. तो लगेच दिल्ली गाठतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपला कापूस झाडावर असतानाच केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे सरकारला तारीख घालता येते. ती कोणासाठी घालायची, एवढाच प्रश्न.

२३ ऑगस्ट २०२३ ला आपले चांद्रयान उतरले. त्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि असावा. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हेही आपणच भोगले. या दोन गोष्टींचे भांडण लावू नका. यान बंद करा, अशी आपली मागणी नाही. यानाला जशी तारीख, पैसा आणि जबाबदार माणूस मिळतो, तसाच कोरडवाहूला मिळावा, ही मागणी आहे.

म्हणून आज संध्याकाळी जे ठराव मांडायचे आहेत, त्यांतून "प्राधान्य द्यावे", "लक्ष घालावे" हे शब्द काढून टाका. पीक विम्याचा ठराव असो, संरक्षित पाण्याचा असो की खरेदी केंद्राचा असो, प्रत्येकात चार गोष्टी लिहा. काम कोणते, कोणत्या तारखेपर्यंत, पैसा किती, आणि झाले नाही तर जाब कोणाला विचारायचा. तारीख टळली तर त्याच दिवशी त्या कचेरीच्या दारात आपण किती गावे उभे राहणार, हेही खाली लिहा. धास्ती घातल्याशिवाय कागद हलत नाही.

गावागावांनी आता गट करून बसावे आणि ठराव लिहायला घ्यावेत. पहिल्या ओळीत तारीख घाला.