शेळीला सखी आहे, सासूला कोण?

वेचणीचे दिवस आहेत, म्हणजे आज बऱ्याच जणी मोबाईलवर रेडिओ लावून वावरातूनच ऐकत असाल. घरी बुढ्या माणसाजवळ कोण आहे? दार लोटून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून आल्या असाल. मी नावं ठेवत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, घरी थांबलं की त्या दिवशी हाती काही येत नाही.

वरवट बकालच्या एका गटात एका ताईचे दोन हप्ते थकले. दंड लावायचं ठरत होतं. घरी गेलो तर सासरे अर्धांगवायूने पडलेले, नवरा पुण्याला कंपनीत, आणि ही उंबऱ्याबाहेर निघू शकत नव्हती. गटाने दंड सोडला. पण तिची बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरामागे जवळजवळ दहा माणसं साठीच्या पुढची होती. त्यानंतर पोरं शहरात गेली, घरं लहान झाली. आपला संग्रामपूर तालुका तर खारपाणपट्ट्यातला. आपल्याकडे किडनीचे रुग्ण किती, ते तुम्हाला सांगायला नको. डायलिसिसला नेणं-आणणं म्हणजे सोबतीला एक माणूस पूर्ण दिवस अडकतं. अंथरुणावरची सासू आणि डायलिसिसवरचा नवरा, दोघांचं एकटी करणारी बाई मी पाहिली आहे.

करते ती बाईच. सरकारने 2019 मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरातली लेकरं, आजारी, म्हातारे यांना सांभाळणाऱ्या बाईची दिवसाला 134 मिनिटं त्यात जातात, असं काम करणाऱ्या पुरुषाची 76. मला तर 134 सुद्धा कमीच वाटतात. रात्रीतून दोनदा उठणं कोण मोजतं?

आता कायद्याची गंमत ऐका. आई-वडिलांच्या सांभाळाचा कायदा 2007 चा आहे. पोरं पाहत नसतील तर म्हाताऱ्या माणसाला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. त्या कायद्यात मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्यात नाही. कागदावर जिची जबाबदारी नाही, घरात सगळं तिच्याच अंगावर!

आणि पैशाचं म्हणाल तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे, म्हणजे रोजचे पन्नास. त्यात गोळ्या आणायच्या की माणूस लावायचं? लावू म्हटलं तरी गावात शिकलेलं माणूस मिळत नाही. ज्या बायांना हे काम येतं त्या पुण्या-मुंबईच्या घरांत करायला जातात, कारण तिथे त्याचा पगार मिळतो.

म्हणून माझं म्हणणं असं. उमेदमध्ये शेळ्या-कोंबड्यांसाठी पशुसखी आहे, पिकासाठी कृषीसखी आहे, बँकेसाठी बँकसखी आहे. तशी म्हाताऱ्या माणसांसाठी सखी आपल्या ग्रामसंघाने का उभी करू नये? केरळात कुटुंबश्रीच्या गटांनी बायांना शिकवून हे काम रोजगार म्हणून सुरू केलं. त्याही आपल्यासारख्याच गटातल्या बाया.

शिकायचं काय? पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. कमरेखाली, टाचेला लाली दिसली तर जखम व्हायच्या आधीच घरच्यांना आणि सिस्टरला सांगायचं. आडवं ठेवून भरवायचं नाही, ठसका लागतो. बसवून भरवायचं आणि जेवल्यावर अर्धा तास टेकवून बसवायचं. उठवताना दंडाला धरून ओढायचं नाही. किडनीच्या माणसाला पाणी किती, मीठ किती, ते डॉक्टर सांगतील तेवढंच. इंजेक्शन, सलाईनला हात लावायचा नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. हे शिकवायला ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांना विनंती करू, आशाताईंना सोबत घेऊ.

एका सखीने सकाळी तीन घरं करावी, प्रत्येक घरी दीड-दोन तास. तेवढ्यात अंघोळ, कपडे, चहा-नाश्ता, गोळ्या होतात. दुपारी पुन्हा एक फेरी हवीच, नाहीतर कूस कोण बदलणार? ज्यांचा पोरगा शहरात कमावतो त्यांनी पूर्ण पैसे द्यावे. ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून काही करता येतं का, ते बैठकीत ठरवू.

यावर दोन बोलणी मी ऐकली. एक, "सेवेचे पैसे घेतात का?" घेतात. दवाखान्यातली सिस्टर पगार घेते, तिला कोणी पापी म्हणत नाही. दुसरं बोलणं खरं अडचणीचं आहे: परक्या पुरुषाला अंघोळ घालायला बाई कशी जाईल? तिथे माझं मत पक्कं आहे. एकटीने जायचं नाही, घरचा पुरुष हजर पाहिजे, आणि अंघोळीचं काम त्याने स्वतः शिकायचं. शिकवू आम्ही.

आणि हो, घरातला बुढा रागावतो, ताट लोटतो, त्याचाही विचार करा. ज्याने आयुष्यभर नांगर धरला, त्याला सुनेच्या हाताने धुवून घ्यायची किती लाज वाटत असेल!

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक कागद आणायचा. आपल्या गटातल्या कोणत्या घरी म्हातारं माणूस आहे, चालतं का, संडासला स्वतः जातं का, दिवसा जवळ कोण असतं, आणि घरचे महिन्याला किती देऊ शकतात, एवढंच लिहा. शेवटचा आकडा घरच्यांना विचारूनच लिहा, अंदाजाने नको. सखीचा दर त्यावरूनच ठरवायचा आहे.