टक्केवारीत न मावणारे अपंगत्व



सोलापूरची विडी वळणारी स्त्री बोटांच्या बळावर जगते. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायची, पान वळायचे, दोरा बांधायचा. आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा स्त्रीला ऐन पस्तिशीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने गाठले, तर काय होते? शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे सुजतात. सकाळी तास-दोन तास मूठ मिटत नाही. दुपारपर्यंत ती सैल होते. एखादा आठवडा बरा जातो, पुढचा अंथरुणात. कारखान्याच्या वहीत तिची अक्षमता रोजच्या रोज नोंदली जाते, कारण विड्या कमी भरतात. सरकारी दप्तरात मात्र ती अपंग ठरेलच असे नाही.

या विसंगतीचे मूळ कायद्याच्या हेतूत नाही, मापात आहे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा याच जातीचा आजार, आणि तो या यादीत आला. शिवाय अपंगत्व केवळ शरीरात नसून शरीर आणि समाजातील अडथळे यांच्या संबंधात असते, हे तत्त्व कायद्याच्या व्याख्येतच मान्य झाले. ही प्रगती लहान नव्हे.

परंतु एका कलमाने उघडलेले दार दुसऱ्याने अर्धे लोटले. महत्त्वाच्या बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. ल्युपस वा संधिवात यांचे नाव यादीत नाही. संधिवाताच्या रुग्णाने हालचालीच्या अपंगत्वाच्या रकान्यातून आत शिरावे, एवढीच वाट उरते. मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव यादीत आहे, पण सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागा ज्या गटांत वाटल्या आहेत, त्यांत तो स्वतंत्रपणे नाही.

आणि टक्के मोजतात कसे? सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत किती जोर आहे, वस्तू धरता-उचलता येते का, हे तपासतात. पाय तुटलेल्या माणसाला हे माप न्याय देते, कारण त्याचा पाय सोमवारी नसतो तसाच गुरुवारीही नसतो. स्वयंप्रतिकार आजाराचे स्वरूप नेमके उलटे आहे. तो चढतो-उतरतो. सकाळी मूठ न मिटणारी स्त्री दुपारी वैद्यकीय मंडळापुढे उभी राहते, तेव्हा तिचा हात बऱ्यापैकी चालतो. ल्युपसचा थकवा आणि ताप कोणत्याही कोनमापकावर दिसत नाही. त्यात औषधाने सूज उतरली असेल, तर वैगुण्य कायमचे नाही असा शेरा पडतो. औषध परवडते तोवर ती अपंग नाही. औषध सुटून बोटे कायमची वाकडी झाली, की ती पात्र. अपंगत्व टाळण्याऐवजी ते पुरे होण्याची वाट पाहणारी ही व्यवस्था आहे.

पात्र ठरल्यावर मिळते काय? केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे. तिला दारिद्र्यरेषेची अट आहे, आणि ८० टक्के वा बहुविध अपंगत्वाचीही. केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये आहे. इतक्या वर्षांच्या महागाईनंतरही आकडा तोच, म्हणजे मदत दरसाल घटतच आली.

माप सैल केले तर बनावट प्रमाणपत्रे वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. बनावट प्रमाणपत्रे आजही निघतात, ती काटेकोर टक्केवारी असतानाच. कष्टकऱ्याला दारात अडवल्याने लबाडाची वाट बंद होत नाही. दुसरा आक्षेप असा, की थकवा मोजता येत नाही. अमेरिका काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तिथेही बहुसंख्य अर्ज प्रथम फेटाळले जातात आणि मंजूर झालेल्यालाही पैसे सुरू होण्यास पाच पूर्ण महिने थांबावे लागते. तरीही तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या निकषांत ल्युपस आणि दाहक संधिवात नावानिशी आहेत. आजार पुन्हापुन्हा उफाळणे, तीव्र थकवा, आणि काम वेळेत पुरे न होणे यांचा तिथे विचार होतो. न मोजण्याचे कारण शास्त्रात नाही, इच्छेत आहे.

वाट नवी शोधण्याचीही गरज नाही. कायद्याच्या परिशिष्टातच केंद्राला नवे प्रकार अधिसूचित करण्याचा अधिकार दिला आहे, तो वापरावा. अपंग व्यक्ती आणि ४० टक्क्यांची अपंग व्यक्ती या दोन वेगळ्या संकल्पना आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परीक्षेतील लेखनिकाच्या सवलतीच्या खटल्यात स्पष्ट केले. तोच विचार तपासणीत उतरावा: एका दिवसाचा कोन नव्हे, तर वर्षभराचे उपचारांचे कागद आणि बुडालेले कामाचे दिवस पाहिले जावेत. केंद्राच्या निवृत्तिवेतनाची ८० टक्क्यांची अट रद्द व्हावी. आणि महाराष्ट्रात १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना तर आहेच. तिच्या निकषांत क्षय, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग ‘यांसारख्या’ दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष येतात. ‘यांसारख्या’ या एका शब्दात ल्युपस आणि संधिवाताला जागा आहे. शासनाने ती स्पष्ट आदेशाने द्यावी. तोवर प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी असे अर्ज भरून घ्यावेत आणि नकार आल्यास त्याचे कारण लेखी मागावे.

संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करणे राज्याचे काम मानले आहे. त्यात आजार आणि विकलांगता शेजारीशेजारी आहेत. विडी वळणाऱ्या त्या स्त्रीच्या देहातही त्या तशाच एकत्र नांदतात. त्यांच्यामध्ये टक्क्यांची भिंत उभी केली ती कारभाराने, आणि ती कारभारानेच काढली पाहिजे.