व्हीलचेअरवरून कोलकात्याला
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी सांगितलं, आता ताई अनुभव सांगायला उभ्या राहतील. मी बसूनच सांगते.

मला आमवात होऊन एकोणीस वर्षं झाली. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, असा हा आजार. जोडीला मधुमेह, इन्सुलिन. सहा वर्षांपासून ही खुर्ची. लेक कोलकात्याला, तिचं बाळंतपण आलं. रेल्वेनं दीड-दोन दिवस, आणि डब्यातल्या संडासात खुर्ची शिरत नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरहून विमान, मध्ये एकदा बदलायचं.

तिकीट काढताना मुलानं 'व्हीलचेअर हवी' एवढंच लिहिलं. चूक इथेच झाली. विमानवाल्यांकडे याचे तीन प्रकार असतात. पायऱ्या चढता येतात, पण लांब चालवत नाही, तो पहिला. पायऱ्या चढता येत नाहीत, तो दुसरा. सीटपर्यंत न्यावंच लागतं, तो तिसरा. मी तिसऱ्यातली, नोंद पहिल्यात! विमान बदलायचं त्या ठिकाणी सगळे उतरले, साफसफाईवाले आले, मी आपली सीटवरच. शेवटी दोघांनी काखेत धरून पायऱ्यांवरून उतरवलं. खांदा पंधरा दिवस ठणकत होता. नातवाला मांडीवर घ्यायला गेले होते, आणि मलाच उठवायला दोन माणसं लागायची.

परतताना मी स्वतः फोन केला, दोन दिवस आधी. काय येत नाही ते न लाजता सांगितलं. मग अ‍ॅम्ब्युलिफ्ट आली. ट्रकवर खोलीच असते ती. वर उचलली जाते आणि विमानाच्या दाराला लागते. आत सीटांमधून जाणारी अरुंद खुर्ची वेगळी. आपली खुर्ची सामानात फुकट नेतात. इन्सुलिन मात्र सामानात टाकू नका, तिथे गोठू शकतं. हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

कुणी 'तुम्हाला नेता येणार नाही' म्हटलं, तर गप्प बसू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष 2012 मध्ये कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या 'अडॅप्ट' संस्थेची परिषद होती. त्यांना विमानात बसल्यावर खाली उतरवलं. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 2016 मध्ये न्यायालयानं कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. 2022 पासून नियमही सुधारलाय. प्रवाशाची तब्येत वाटेत बिघडेल अशी शंका आली, तर कंपनीनं विमानतळावरच्या डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवायचं. आपल्या मनानं नाही म्हणायचं नाही.

आपल्याकडे किती आजी-आजोबा 'आता कुठं जायचं' म्हणून लेकरांकडे जात नाहीत, मला ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे यावं, फोन मी लावून देईन.

एक राहिलं. आज या सभागृहात मला चार पोरांनी उचलून आणलं. पोरं गुणी आहेत, पण मला दर वेळी हाक मारायचा संकोच वाटतो. दाराशी सहा इंचांच्या तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट. फुटाला बारा फूट या हिशेबानं उतार अठरा फुटांचा होतो. सेक्रेटरीसाहेब, डावीकडे तेवढी जागा आहे, मी टेप लावून मोजून घेतलीय. तिथल्या दोन गाड्या तेवढ्या हलवाव्या लागतील. त्यातली एक आमचीच आहे.