नोकरीतील मनःस्वास्थ्य आणि आपली घरे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावर शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि वधूवरसूचक मंडळ यांची चर्चा दरवर्षी होते, आणि ती व्हावयासच हवी. आज मात्र आम्ही आपले लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. आपल्या घरोघरची मुलेमुली बँकांत, कारखान्यांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत नोकऱ्या करीत आहेत. त्यांस पगार किती, हे आपण सहज विचारतो; त्यांस रात्री झोप लागते काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मन आजारी पडणे ही विरळा गोष्ट नव्हे. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांस त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांस उपचार मिळत नव्हते.

या अडचणीवर एक उपाय नोकरीच्या ठिकाणीच निर्माण झाला आहे. अमेरिकेतील काही मोठ्या कारखान्यांनी १९४० च्या दशकात दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांस काढून टाकण्याऐवजी उपचार मिळवून देण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे कर्मचारी साहाय्य योजना आकारास आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. २०२० च्या संहितेने ही संख्या २५० वर आणली. व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्याचे कार्य पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून करीत आले आहे.

आता अनेक मोठ्या कंपन्या बाहेरच्या समुपदेशकांची सेवा आपल्या खर्चाने उपलब्ध करून देतात. कर्मचाऱ्याने दूरध्वनी करावा, ठरावीक भेटी विनामूल्य घ्याव्यात. पुष्कळ ठिकाणी पत्नी, पती व मुले यांसही ही सोय असते. औषधाची गरज दिसल्यास समुपदेशक मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो. किती जणांनी सेवा घेतली, एवढेच सामान्यतः कंपनीस कळविले जाते. नावे कळविली जात नाहीत. जिवास धोका असेल तेव्हा मात्र या गुप्ततेस अपवाद करावा लागतो. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहावी, हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दिलेला आहे.

या योजनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. बारा-बारा तास राबवून घ्यावयाचे आणि मग समुपदेशकाचा क्रमांक हाती द्यावयाचा, हे मलमपट्टीसारखे होय. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शनात कामाची रचना सुधारणे आणि वरिष्ठांस प्रशिक्षण देणे यांवरही भर दिला. आपल्यापैकी जे स्वतः दुकानांचे वा कारखान्यांचे मालक आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. दहा माणसांच्या पेढीस समुपदेशक नेमणे जमणार नाही. पण वेळेवर सुट्टी आणि अपमानाविना बोलणे, यांस खर्च पडत नाही.

परंतु आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. कंपनीने दार उघडले, कायद्याने गुप्ततेची हमी दिली, तरीही आपला मुलगा त्या दाराशी अडखळतो. तो साहेबाला भितो, हे खरे. पण त्याहून अधिक तो आपल्याला भितो. 'हे बाहेर कळले तर स्थळ मोडेल, बहिणीच्या लग्नात अडचण येईल,' हे भय त्याच्या मनात कचेरीने घातलेले नाही. ते ज्ञातीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, आप्तांच्या कुजबुजीत वाढले आहे. जे भय ज्ञातीने वाढविले, ते ज्ञातीच दूर करू शकते. तेथे सरकारचा वा कंपनीचा हात पोहोचत नाही.

यास्तव आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घरात कोणी गप्प झाला, चिडू लागला वा पिऊ लागला, तर त्यास दोष न देता त्याचे ऐकावे. दुसरी, विवाह ठरविताना उपचार घेतल्याची गोष्ट उभयपक्षी मोकळेपणाने सांगितली जावी, आणि ऐकणाऱ्याने ती मधुमेहाच्या उपचारासारखीच मानावी. लपविलेला आजार संसार मोडतो, उपचार घेतलेला आजार सहसा मोडीत नाही. तिसरी, २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आपल्या दिनदर्शिकेवर छापावा. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र आणि मराठीतूनही मिळते. ज्यांच्या नोकरीत साहाय्य योजना नाही, त्यांस तिचाच आधार आहे.

गरीब विद्यार्थ्यास पुस्तके देताना आपल्या पूर्वजांनी त्याच्या गरिबीस लाज मानली नाही. तोच न्याय मनाच्या दुखण्यास लावावा, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.