भोपाळ आणि व्यवस्थापनशास्त्र



मोठे अरिष्ट कोसळले म्हणजे संस्था दोन गोष्टी करते. प्रथम ती स्वतःचा बचाव करते आणि मग घडलेल्या गोष्टीचा सोयीचा अर्थ लावते. व्यवस्थापनशास्त्राचे काम हा अर्थ तपासण्याचे आहे. ते शास्त्र या कसोटीला कितपत उतरले, हे भोपाळच्या उदाहरणावरून पाहता येते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट झोपलेल्या वस्त्यांवर पसरले. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढतच गेला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या विभागातील दर पाळीची माणसे १२ वरून ६ वर आणली होती. इशारे मिळाले नव्हते असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिनने एका कामगाराचा बळी घेतला होता, १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी दोष नोंदवले होते आणि राजकुमार केसवानी हे पत्रकार वृत्तपत्रांतून धोक्याची घंटा वाजवीत होते.

यावर कंपनीचे उत्तर काय होते? एका नाराज कामगाराने मुद्दाम घातपात केला, हे! ज्यांची संख्या निम्मी केली, त्यांच्याच माथी दोष मारला गेला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फेटाळली.

विद्वानांपैकी काहींनी मात्र प्रामाणिकपणे विचार केला. चार्ल्स पेरो यांनी १९८४ च्याच ग्रंथात असे मांडले की, गुंतागुंतीच्या आणि घट्ट सांधलेल्या यंत्रव्यवस्थेत अपघात अटळ असतात. पण भोपाळ या अटळ प्रकारात बसत नाही, हे पुढे त्यांनीच सांगितले. म्हणजेच ते टाळता आले असते. पॉल श्रीवास्तव यांनी १९८७ साली कारखान्याच्या भिंतींबाहेर पाहून गरीब वस्त्या, दुबळे शासन आणि कंपनीचे धोरण यांची सांगड घातली.

कार्ल वाइक यांचा १९८८ चा निबंध कामगार चळवळीने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, ज्या गोष्टीवर काही करण्याची शक्ती माणसाच्या हाती असते, तीच त्याला नीट दिसते. शक्ती काढून घेतली की दृष्टीही मंदावते. माणसे कमी केलेला, इंग्रजी नियमपुस्तिकेवर चालणारा आणि वरिष्ठांनी बिनमहत्त्वाचा ठरवलेला कारखाना म्हणूनच आंधळा झाला. काटकसर म्हणून जी कपात झाली, तिने धोका ओळखण्याची क्षमताच कापून टाकली.

या विचाराची सरळ निष्पत्ती अशी की, सुरक्षितता ही अधिकाराच्या वाटपाची बाब आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांतून मात्र संकटकाळी कंपनीची प्रतिमा कशी सावरावी, याचेच धडे अधिक गिरवले गेले. १९८२ सालच्या टायलेनॉल प्रकरणाचे गोडवे तेथे नित्य गायले जातात, कारण त्यात कंपनी सावरली. भोपाळमध्ये सावरायचे होते ते शहर, आणि ते कोणाच्याच ताळेबंदात नव्हते.

या अरिष्टानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याच्या उद्योगांतील कामगारांना सुरक्षेच्या व्यवस्थापनात सहभाग आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. कायद्यांची नावे बदलतात. हक्क टिकतो तो बजावणारी संघटना असेल तरच. कंत्राटी कामगार ज्या पाळीत उद्याच्या हजेरीच्या भीतीने गप्प बसतो, त्या पाळीत कोणतीही सुरक्षा समिती कागदावरच राहते.

कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा हलवण्यास २०२५ साल उजाडावे लागले. तोही गेला पीथमपूरला, तेथील लोकांचा विरोध डावलून. म्हणून प्रत्येक कारखान्याच्या दारात संघटनेने तीन प्रश्न विचारीत राहिले पाहिजे: आत काय साठवले आहे, कोणती यंत्रणा बंद आहे आणि ती बंद करण्याचा निर्णय कोणी घेतला?