मैलांचा हिशेब

(मंडळाच्या श्रावणातील बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही सासूबाईंना विमानाने काशीला नेऊन आणलेत, आणि तेही म्हणे फुकट! त्यावर चार शब्द बोला की." 'फुकट' हा शब्द ऐकून मला आधी हसू आले आणि मग थोडा रागही आला. राग बाईंचा नव्हे, त्या शब्दाचा. त्या एका शब्दापायी आमच्या घरात दोन वर्षे जे घडले ते सांगावे, एवढ्यासाठीच आज उभी आहे. भाषणाची मला सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या यांचे काम यंत्रांच्या दुरुस्तीचे. दहा-बारा वर्षे महिन्यातून दोनतीनदा विमानाने जावे लागे. तिकिटाचे पैसे कारखाना भरी, पण त्या प्रवासाबद्दल विमान कंपनी जे गुण देई, ते प्रवास करणाऱ्याच्या नावावर जमा होत. कोणी त्यांना पॉइंट म्हणतात, कोणी मैल म्हणतात. आमच्या घरात मैलच म्हणत. ते पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळते. शिवाय फार फिरणाऱ्याला रुपेरी, सोनेरी अशी पदवी मिळते. मग त्याची रांग वेगळी, त्याला सामान थोडे जास्त नेता येते, आणि विमानतळावरच्या खास दालनात बसून चहा-उपमा खाता येतो. लग्नात वरमाईचे मानपान असते ना, तसलाच प्रकार. एक वर्ष आमच्या यांना रुपेरी कार्ड होते. त्या वर्षी ते घरच्या चहाला नावे ठेवू लागले होते! पुढच्या वर्षी फिरणे कमी झाले, कार्ड गेले, आणि घरचा चहा पुन्हा गोड लागू लागला.

असो. मामंजी गेल्यापासून सासूबाईंच्या मनात एकदा काशीला जायचे होते. पण त्यांचे गुडघे धरलेले. मुंबईहून वाराणसीपर्यंत आगगाडीत एक दिवस-रात्र काढून वर आणखी काही तास बसणे त्यांना शक्य नव्हते. विमान दोन-अडीच तासांत पोचवते. तेव्हा यांच्या मैलांतून त्यांना न्यायचे असे ठरले. खात्यावर ४८,००० मैल होते. हे म्हणाले, "अजून थोडे साठू देत, म्हणजे तिघांचीही जाण्यायेण्याची तिकिटे निघतील." मलाही ते पटले. आपल्या बायकांचा स्वभावच असा की डबा भरत आला म्हणजे त्याला हात लावू नये असे वाटते. सासूबाईंनी काशीसाठी एक नवी नऊवारी बाजूला काढून ठेवली.

अशी दोन वर्षे गेली. एका संध्याकाळी मी चिरंजीवांना म्हटले, "बघ रे, मैल किती झाले." त्याने फोनवर पाहिले आणि गप्प बसला. खात्यावर राहिले होते १७,५००. बाकीचे मुदत संपून गेले होते. मिळाल्यापासून तीन वर्षांत वापरले नाहीत तर ते रद्द होतात, असा त्या कंपनीचा नियम होता. तशी पत्रेही त्यांनी पाठवली होती, पण ती यांच्या जुन्या कचेरीच्या पत्त्यावर, जो आता कोणी उघडत नव्हते. बरे, कंपनीला फोन करावा तर यंत्र बोलते, आणि माणूस मिळालाच तर तो नियमाचा आकडा सांगतो.

त्या रात्री घरात बोलाचाली झाली. मी यांना बोलले, हे मला बोलले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "राहू दे गं, माझे काय अडले आहे?" आणि ती नऊवारी पुन्हा कपाटात खाली घडी घालून ठेवली. ते मला सर्वांत लागले.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. चिरंजीव वाचून दाखवी, आणि न समजलेले मी पुन्हा पुन्हा विचारी. टक्केवारीचे गणित सातवीपर्यंत शिकले होते, तेवढे या कामी पुरले.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिथे पूर्वी विमानाचे भाडे सरकार ठरवी. १९७८ साली कायदा बदलला आणि ज्याला जो दर लावायचा तो लावायची मुभा मिळाली. स्वस्त तिकिटे निघाली, आणि गिऱ्हाईक आज या कंपनीकडे तर उद्या त्या कंपनीकडे जाऊ लागले. तेव्हा १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने मैल मोजण्याची मोठी योजना काढली. आपल्याकडे नेहमी येणारे गिऱ्हाईक कोण, हे त्यांनी कसे शोधले ठाऊक आहे? आरक्षणाच्या संगणकात तेच तेच टेलिफोन नंबर पुन्हा कुठे दिसतात ते पाहिले. आपला वाणीसुद्धा कोणाच्या घरी कोणता चहा जातो ते लक्षात ठेवतोच की! दुसऱ्या कंपन्यांनी लगोलग नक्कल केली. या योजनांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'निष्ठा' असा होतो. म्हणजे गिऱ्हाइकाने एकाच कंपनीशी पातिव्रत्य पाळायचे. कंपनीने काय पाळायचे ते मात्र कुठे लिहिलेले नाही.

आपल्या देशात विमान कंपन्यांचे १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले होते. १९९४ साली तो कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना मैदान मोकळे झाले. २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त तिकिटे काढली, आणि विमान म्हणजे श्रीमंतांचे वाहन ही समजूत तेव्हापासून ढिली पडू लागली.

आता मैलांचे खरे स्वरूप सांगते. आपण दारावर बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतो. एका पातेल्याला किती साड्या, हे ती ठरवते. मागच्या महिन्यात तीन साड्यांना मिळालेले पातेले या महिन्यात चार मागते. पण तिच्याशी घासाघीस करता येते, ती पाटी उचलून चार पावले गेली तरी परत बोलावता येते. विमान कंपनी ही अशी बोहारीण आहे की जिच्याशी घासाघीस चालत नाही. एका तिकिटाला किती मैल ते तीच ठरवणार, उद्या वाढवणार, आणि तुमच्या साड्या तीन वर्षांनी जुन्या झाल्या म्हणून सांगणार. भिशीतले पैसे आपले असतात. मैल मात्र कंपनीचेच असतात, नियमावलीत तसे स्वच्छ लिहिलेले असते. आपण त्यांना सोने समजून पेटीत ठेवले. ते दही होते हो, विरजले की दोन दिवसांत खावे!

पूर्वी जितके मैल अंतर तितके मैल जमा, असा सरळ हिशेब होता. मग कंपन्यांच्या लक्षात आले की लांबचे स्वस्त तिकीट काढणाऱ्याला फार मिळते. २०१५ साली अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी अंतराऐवजी खर्चलेल्या पैशावर मोजणी सुरू केली. आपल्या एअर इंडियानेही २०२४ पासून रुपयांवर मोजायला सुरुवात केली. नाव मैलांचे, मोजमाप पैशाचे.

मग कंपनीला यात काय मिळते, असा प्रश्न मला पडला. उत्तर ऐकून मी थक्क झाले. कंपनी हे मैल बँकांना विकते, रोख पैसे घेऊन! बँक ते आपल्या क्रेडिट कार्डाच्या गिऱ्हाइकाला देते, आणि आपला खर्च दुकानदाराकडून, कार्डाच्या वार्षिक फीमधून आणि थकलेल्या रकमेच्या व्याजातून काढते. त्या व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या घरात. ज्यांनी मैलांसाठी कार्ड घेतले आणि बिल थकवले, त्यांनी विमानाचे नव्हे, सावकाराचे तिकीट काढले असे समजा. २०२० साली करोनामुळे विमाने जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेड आणि डेल्टा यांनी आपल्या या मैलांच्या योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभे केले. अडचणीत आपण पाटल्या गहाण टाकतो, तसे. आता तुम्हीच पाहा, जे तारण ठेवून एवढे कर्ज मिळते, ते काय कोणी आपल्याला फुकट वाटत असेल?

या बोहारणीवर मात करणारा एक गृहस्थ मात्र १९९९ साली कॅलिफोर्नियात निघाला. पेशाने इंजिनिअर. खाद्यपदार्थांच्या एका कंपनीने जाहीर केले होते की वेष्टनावरचे दहा शिक्के पाठवा आणि मैल मिळवा. लवकर पाठवणाऱ्याला दुप्पट. गृहस्थाने दुकाने धुंडाळून सर्वांत स्वस्त वस्तू शोधली. ती निघाली पुडिंगची, म्हणजे आपल्या घट्ट खिरीसारख्या गोड पदार्थाची, छोटी वाटी. त्याने १२,१५० वाट्या विकत घेतल्या! सुमारे ३,१४० डॉलर खर्च आला आणि साडेबारा लाख मैल मिळाले. एवढे शिक्के काढायचे कोणी? त्याने ते पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दिले आणि त्यांच्या माणसांनी शिक्के सोलून दिले. ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या बायकोने काय म्हटले असेल गं?" मला वाटते, तिने वाट्या मोजल्या असतील.

आता भाड्याबद्दल. एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोघींनी निराळे भाडे दिलेले असते. जागांचे गट पाडलेले असतात. स्वस्त गट आधी संपतो, मग त्याच्या वरचा. म्हणून आगाऊ काढणाऱ्याला स्वस्त आणि शेवटच्या दिवशी धावणाऱ्याला महाग. पण शेवटच्या दिवशी कोण धावतो? ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, कोणी गेले आहे, तो. हे मला आजही पटलेले नाही. रिकाम्या जागेचे मोल विमान उडाल्यावर शून्य होते हे मला समजते. भाजीवालीही रात्री उरलेली मेथी स्वस्त देते. परंतु भाजीवाली कोणाच्या घरचे मयत पाहून मेथी महाग करीत नाही. अगदीच हाताबाहेर गेले तर सरकार मध्ये पडते. मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत देशातील भाड्यांवर मर्यादा होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ढीगभर उड्डाणे रद्द होऊन दर भडकले तेव्हा पुन्हा घातली गेली. एरवी भाडे कंपनीच्या मर्जीवर.

तिकिटाचे पैसे भरताना आणखी एक पाहा. मूळ भाडे निराळे, आणि त्यावर विमानतळाची फी, सुरक्षेची फी व साध्या वर्गाला पाच टक्के जीएसटी निराळा. फोनवरून काढले तर माणशी 'सोयीची फी' म्हणून आणखी काही कापतात. सोय कोणाची ते विचारू नका. आणि हे मात्र लक्षात ठेवा, की तिकीट रद्द केले आणि 'परत मिळणार नाही' असे सांगितले, तरी विमानतळाच्या फीसारख्या रकमा परत कराव्याच लागतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियम आहे. आमच्या इमारतीत एकींनी हा नियम दाखवून नऊशे रुपये परत मिळवले.

तर आमची काशी. उरलेले १७,५०० मैल पुन्हा मुदतीत अडकण्याआधी वापरायचे ठरवले. त्यात एकाच माणसाचे जाण्यायेण्याचे तिकीट बसत होते. ते सासूबाईंचे काढले. त्यावरही करापोटी १,९०० रुपये रोख भरावे लागले. माझे तिकीट दोन महिने आधी, मंगळवारी जाऊन गुरुवारी येण्याचे, ११,४०० ला काढले. शुक्रवार-रविवारचे दीडपट होते. म्हणजे 'फुकट' काशीला १३,३०० रुपये पडले, राहणे-खाणे निराळे. हे घरी राहिले. स्वतःच्या बारा वर्षांच्या मैलांत त्यांना जागा मिळाली नाही. यांनी तक्रार केली नाही. जाण्याच्या आदल्या रात्री आईचे आधार कार्ड आणि तिकिटावरचे नाव दहा वेळा ताडून पाहिले. एका 'बाई'चा फरक निघाला, तोही त्यांनीच वेळेवर दुरुस्त करून घेतला.

चाकांची खुर्ची आधी सांगून ठेवली होती. विमान वर चढताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि ढग खाली गेल्यावर सोडला. मग खिडकीला नाक लावून बसल्या त्या उतरेपर्यंत. घाटावर मामंजींचे नाव घेऊन त्यांनी पाणी सोडले तेव्हा अंगावर तीच नऊवारी होती. दोन वर्षांच्या घडीमुळे पदरावर एक रेघ उमटली होती, ती इस्त्रीने गेली नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सूनबाई, इतके लांब गेले आले. माझ्या नावावर किती मैल झाले गं?" मैलांवर काढलेल्या तिकिटाला मैल मिळत नाहीत, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.