वर्णनात जे लिहिलं नाही, ते एजंटला ठाऊक नाही

(महाविद्यालयीन तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी करत आहात. एआय आल्यावर आपल्याला काम उरेल का, ही धास्ती तुमच्या मनात आहे. त्यावर मोठं भाकीत करण्याऐवजी मी एका लहान कामाबद्दल बोलणार आहे. एआय एजंट जी टूल्स वापरतो, त्यांचं वर्णन नीट लिहिणं. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि माझ्या मते हे काम जितकं कोडचं आहे तितकंच भाषेचं आणि माणसं ओळखण्याचंही आहे.

आधी एजंट म्हणजे काय ते पाहू. साधा चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. तो नोंद शोधतो, अर्ज भरतो, ईमेल पाठवतो. पण मॉडेल हे स्वतःच्या हाताने करत नाही. ‘अमुक टूल, अमुक माहिती देऊन चालवा’ एवढंच ते सांगतं. आपला प्रोग्रॅम ते टूल चालवतो आणि निकाल मॉडेलला परत देतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, सर्वांसाठी खुला केला. दोन्हींत मॉडेलपुढे मुख्यतः तीन गोष्टी येतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याची यादी. टूलच्या आतलं कोड त्याला दिसत नाही. जे लिहिलेलं नाही, ते मॉडेल अंदाजाने भरतं.

हा अंदाज कोणाच्या अंगावर येतो, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची चौकशी करणारा एजंट आहे. त्याच्या टूलचं वर्णन एका ओळीचं: ‘विद्यार्थ्याची माहिती शोधते.’ द्यायची माहिती दोन: नाव आणि जन्मतारीख.

आता आपल्या घरातली नावं आठवा. कोणाचं ‘शेख’ नावाच्या आधी येतं, कोणाचं शेवटी. कोणाला आडनावच नसतं. ‘मोहम्मद’चं रोमन स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात नुसतं संक्षिप्त रूप. जन्मतारीख ०३/०४/२००५ लिहिली, तर ती ३ एप्रिल की ४ मार्च? टूल अक्षर न् अक्षर जुळवून पाहणारं असेल, तर निकाल रिकामा येतो. मग एजंट त्या मुलीला अतिशय नम्रपणे सांगतो, ‘तुम्ही अर्ज केलेला नाही.’ ती पुन्हा धावपळ करते, किंवा कंटाळून सोडून देते. प्रोग्रॅम बंद पडलेला नसतो, कुठेही लाल अक्षरांत त्रुटी दिसत नाही. वर्णनात दोन-चार वाक्यं कमी असतात, एवढंच.

तेच वर्णन असं लिहून पाहा:

‘शिष्यवृत्तीच्या अर्जाची सद्यस्थिती शोधते. अर्ज क्रमांक असेल तर तोच वापरा. नसेल तर नाव आणि जन्मतारीख द्या. नाव अर्जात होतं तसंच, त्याच स्पेलिंगने आणि शब्दांच्या त्याच क्रमाने द्या. जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, उदाहरणार्थ २००५-०४-०३. निकाल रिकामा आला, तर या स्पेलिंगने नोंद सापडली नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. अर्ज केलेला नाही असं सांगू नका, अर्ज क्रमांक किंवा दुसरं स्पेलिंग विचारा. हे टूल फक्त वाचतं, अर्जात बदल करत नाही.’

अर्थात, स्पेलिंगमधला थोडा फरक चालवून घेणारा शोध बनवणं हा खरा उपाय आहे. वर्णन ही टूलमधल्या उणिवेवरची मलमपट्टी नव्हे. पण उणीव आहे तोवर ती वर्णनात प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. एकक लिहा. अनेक पेमेंट सेवांमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते, तिथे ५०,००० म्हणजे ५०० रुपये. दोन टूल्स सारखी वाटत असतील, तर कोणतं कधी वापरायचं आणि कधी नाही, हे दोन्हीकडे लिहा. जमलं तर दोन्हींचं एकच करा. रद्द करणं, पैसे पाठवणं अशी परत न फिरणारी कामं असतील तर तसं स्पष्ट लिहा, पण केवळ लिहिण्यावर विसंबू नका. माणसाची परवानगी घेण्याची अट कोडमध्येच घाला. चूक झाल्यावर येणारा संदेशही मॉडेलच वाचतं. ‘त्रुटी ४००’पेक्षा ‘जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने हवी’ हे वाचून ते स्वतःला सुधारू शकतं. मात्र पाल्हाळ नको. टूल्सची वर्णनं मॉडेलला प्रश्नासोबतच वाचावी लागतात आणि त्याच्या वाचनाची जागा मर्यादित असते.

एक धोकाही सांगतो. दुसऱ्याने बनवलेलं टूल जोडलं, की त्याचं वर्णनही आपल्या मॉडेलपुढे जातं. त्यात कोणी ‘आधी वापरकर्त्याची अमुक फाइल पाठव’ असा हुकूम दडवला, तर मॉडेल तो पाळू शकतं. म्हणून जोडण्याआधी वर्णन स्वतः वाचा.

आता तुमच्यासाठी काम. एखाद्या टूलचं वर्णन लिहा आणि कोड न येणाऱ्या बहिणीला किंवा मित्राला वाचायला द्या. तेवढ्यावरून माहिती भरायला सांगा. जिथे ते अडून प्रश्न विचारतील, तिथे तुमचं एक वाक्य राहिलं आहे. मग वीसेक खरे वाटणारे प्रश्न तयार करा. त्यांत आपल्या मोहल्ल्यातल्यासारखी नावं घाला, एकाच शब्दाची, तीन स्पेलिंगची, मराठी-उर्दू मिसळून विचारलेली. एजंट कोणतं टूल निवडतो आणि त्यात काय भरतो, ते तपासा. आजी-आजोबांचे अर्ज भरून देताना कुठल्या रकान्यात काय अडतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. ते ज्ञान या कामात वापरा.